कापसातलं लेकरू आणि सुमी

सुमी गेली ती ऐन दुपारी, आणि मी तेव्हा तिसरीच्या वर्गाकडून पाढे म्हणून घेत होते. दारात श्रावणभाऊ येऊन उभे राहिले. आमचे शेजारी. सायकल दामटत आलेले, घामानं निथळलेले. "बाई, घरी चाला," एवढंच म्हणाले. मी त्यांच्यावर खेकसले, "आता काहून? तास सुरू हाय ना!" त्यांनी चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या. शाळेच्या दारात या माणसानं चपला कशाला काढल्या, एवढंच माझ्या डोक्यात आलं… आणि मग कळलं. याला आता दीड महिना होत आला. भेटेल तो विचारतो, काय झालं होतं वो तुमच्या बहिणीले? आणि दर वेळी सांगताना मी चिडते, समोरच्यावर नाही, कोणावर ते मला माहीत नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. यापुढं मला कोणी विचारू नये.

सुमी माझी धाकटी बहीण. वडील लवकर वारले आणि माय अमरावतीतच एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जायची, त्यामुळं सुमीला मी वाढवलं असं मी सगळ्यांना सांगायची. सुमी लगेच म्हणायची, "वाढवलं कुठी वं ताई, नुसतं रागावलं." मोठ्यानं हसायची, मोठ्यानं भांडायची, आणि ज्या कामाला बाकीचे विचार करत बसतात ते काम करून मोकळी व्हायची. छप्पन साली आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो, तेव्हा घरातल्या देवांचं काय करायचं हा प्रश्न पडला. देव म्हणजे पितळेचे चार टाक, मायच्या सासूनं तिच्या हाती दिलेले. मी शिकलेली, सभेत बोलणारी. पण टाकांना हात लावायची वेळ आली तेव्हा मीच "उद्या पाहू" म्हणाले. सुमीनं ते पदरात बांधले, वलगावला जाऊन लुगडं खोचून पेढी नदीत उतरली आणि सोडून आली. माय गेली नाही, चुलीपाशी बसून राहिली. सुमी ओल्या लुगड्यानं घरात शिरली आणि म्हणाली, "झालं माय, गेले तुहे देव आंघोळीले." मायला हसू आलं, मग डोळ्यांना पदर लावला, मग सुमीला कोरडं नेसायला सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, अकोल्याला. आमचे जावई नामदेवराव तिथल्या कापडगिरणीत कामाला. माणूस गरीब स्वभावाचा, चार प्रश्न विचारले तर एकाचं उत्तर देणारा. सुमी दोघांच्या वाटचं बोलायची, म्हणून त्यांचं बरं चाललं होतं. वर्षभरात दिवस गेले. पाय भरले, तोंड भरलं, बांगड्या हातात रुतायला लागल्या, तेव्हा शेजारणी म्हणाल्या, अंग धरलं बाईनं, बाळसं आईवरच चढलं! आम्हीही खूश. मी अकोल्याला जाऊन तिला पाहून आले आणि मायला सांगितलं की पोरगी कशी टरारून आली आहे. ती सूज होती. सूज म्हणजे तब्येत, असंच आम्ही धरून चाललो होतो, आमच्याकडं सुकलेल्या बायाच जास्त पाहिलेल्या, त्यामुळं भरलेलं तोंड दिसलं की आनंदच व्हायचा. सातव्या महिन्यात लेकरू पोटातच गेलं. दुसऱ्या खेपेलाही तेच. त्यानंतर सुमीचं हसणं कमी झालं असं मी म्हणणार नाही. हसायची, पण आधी आजूबाजूला पाहून घ्यायची.

तिसऱ्या वेळी मात्र नामदेवरावांनी तिला सुरुवातीलाच लेडी डॉक्टरकडं नेलं. त्या बाईंनी दंडाला पट्टा बांधून ब्लडप्रेशर पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं की हे मूल पाहिजे असेल तर मीठ बंद आणि उठणं बंद. अकोल्याला घरात दुसरी बाईमाणूस नाही, जावई पाळीवर. म्हणून पाचव्यातच तिला इकडं आणली. बडनेऱ्याला गाडी बदलताना नामदेवरावांनी तिला प्लॅटफॉर्मवर पथारी टाकून निजवलं होतं, आणि लोक पाहत होते म्हणून ही त्यांनाच हसत होती. आमच्या मधल्या खोलीत खिडकीशी तिची बाज टाकली. ज्या पोरीला एका जागी बसवणं मला कधी जमलं नाही, ती कुशीवर पडून राहिली. अळणी वरण, अळणी भाजी, अळणी भाकर. वऱ्हाडातल्या माणसाला ठेच्यावाचून भाकर गिळायला सांगायची म्हणजे काय ते वऱ्हाडातल्यानंच समजावं. एकदा शाळेतून आले तर हिनं मीठ लावलेली कैरीची फोड उशीखाली लपवलेली. मी इतकी ओरडले की श्रावणभाऊंची बायको धावत आली. सुमी फोड माझ्या हातात देत म्हणाली, "खाल्ली नाई वं, नुसती चाटून रायली होती. तू खाय माह्यासमोर. मी पायते." मी खाल्ली. दोघी हसलो. संध्याकाळी मायनं घरातलं मिठाचं मडकं उचलून शेजारी नेऊन ठेवलं आणि मग आम्ही सगळेच अळणी खायला लागलो.

इतकं सगळं करून सातवा लागला आणि सूज आलीच. पायांवर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. एका सकाळी म्हणाली, डोकं फुटून राहिलं ताई, आणि खिडकीत काजवे काहून दिसतात? बाहेर लख्ख ऊन होतं. टांग्यातून सरकारी जनाना दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टरबाईंनी तपासलं, माझ्याकडं पाहिलं, आणि नामदेवरावांना तार करून बोलवायला सांगितलं. ते आल्यावर त्यांना म्हणाल्या, "बाळ आत ठेवलं तर बाईला झटके येतील, दोघं जातील. आता बाहेर काढलं तर बाई वाचण्याचा संभव आहे, बाळाचं सांगता येत नाही. तुमचं काय म्हणणं?" नामदेवराव टोपी हातात घेऊन उभे. म्हणाले, "मले काय कळते बाई? मी तर दोघायले घ्याले आलो." डॉक्टरबाई चांगल्या होत्या बिचाऱ्या, जे करता येण्यासारखं होतं ते त्यांनी सगळं केलं. पण एखादा माणूस समोर हात जोडून उभा असावा आणि आपल्या हातात देण्यासारखं काही नसावं… ते मी त्यांच्या तोंडावर पाहिलं आणि पुढं आरशातही पाहिलं.

मुलगी झाली. जिवंत झाली! रडली, ते शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही ऐकू गेलं नसेल, पण सुमीला ऐकू आलं. "आवाज आला ना वं ताई? आला ना?" हेच विचारत राहिली. मी पाहिलं तर लेकराच्या अंगावर मांस म्हणून नाहीच, कातडी सैल, बोटं तुरीच्या काडीसारखी, कानाची पाळी दुमडली की दुमडलेलीच राहायची. अशा मुलांना ठेवायची काचेची पेटी असते, म्हणाल्या डॉक्टरबाई, पण ती नागपूरला. आणि नागपूरपर्यंत हे बाळ टिकणार नाही. मग मायनं जिनातून सरकी काढलेला कापूस आणला, निवडला, उन्हात घातला आणि टोपल्यात गादी करून लेकराला त्यात पुरलं म्हणा ना, नुसतं नाक-तोंड वर. दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून. वॉर्डात खोकल्याची माणसं, म्हणून सुमीचं प्रेशर जरा उतरल्यावर डॉक्टरबाईंनी घरी न्यायला सांगितलं. "पण लक्ष ठेवा, बाईवरही," म्हणाल्या. आम्ही लक्ष ठेवलं. नामदेवरावांना पाळीवर परतावं लागलं, पण माय, मी आणि श्रावणभाऊंची बायको, तिघींपैकी एक जण कायम जागेवर. लक्ष ठेवून काय होतं, ते आता आम्हाला माहीत आहे.

लेकराला ओढून प्यायची ताकद नव्हती. सुमी कल्हईच्या लहान वाटीत दूध काढून द्यायची आणि माय कापसाची वात त्यात बुडवून थेंब थेंब ओठांवर सोडायची. कधी गिळायची, कधी तोंडाच्या कडेनं सगळं वाहून जायचं. सुमी बाजेवरून मान उंच करून पाहायची. "गेलं का पोटात? किती गेलं?" नाव ठेवायचं तिनं काढलंही नाही, आम्हीही काढलं नाही. नुसतं लेकरू म्हणायचो. एकदा मात्र मायला तिनं सरळ विचारलं, "जगन का नाई वं हे, माय?" माय म्हणाली, "मले काय माईत," आणि वात बुडवली.

मग पाचवी आली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, पूर्वी आमच्यात बाळंतिणीच्या खोलीत पाचव्या दिवशी पाटा मांडून सटवाई पुजायचे. ती येऊन लेकराच्या कपाळी त्याचं आयुष्य लिहिते, असं मानायचे. दीक्षेनंतर हे सगळं सोडलं. त्या दिवशी मी शाळेतून आले तर माय पाटा धुऊन, पुसून मध्येच घेऊन उभी. कुठं ठेवावा ते तिला कळत नव्हतं. माझा पारा चढला. म्हटलं, "माय, काय चालवलं हे? आपण नागपूरले कायले गेलो होतो मंग?" माय लहान पोरासारखी ओशाळली. तेवढ्यात बाजेवरून सुमी म्हणाली, "ताई, तू चूप बस. मांड माय तू पाटा. मी नाई पायत." आणि ज्या पोरीनं आपल्या हातानं टाक नदीत सोडले होते, तिनं भिंतीकडं तोंड केलं. मी बाहेर ओसरीत जाऊन बसले. थोड्या वेळानं डोकावले तर माय पाट्यासमोर बसलेली, हळद नाही, कुंकू नाही, दिवा नाही, हात मांडीवर. मला म्हणाली, "मीच सोडलं ना वं तिले. आता गरज पडली म्हनून कोन्या तोंडानं बोलावू?" उठली आणि पाटा उचलून जागेवर ठेवून आली.

मी म्हटलं, चला, आपण त्रिशरण म्हणू. तिघी म्हणालो. सुमी पडल्या पडल्या हात जोडून म्हणाली, तिचा आवाज आमच्यापेक्षा स्वच्छ. झाल्यावर माय जरा वेळ थांबली, अजून काही यायचं आहे असं समजून. मग तिनं मला विचारलं, "कौसल्ये, याच्यात मांगायचं कुठी हाय?" मी मास्तरीण. पोरांनी काहीही विचारलं तरी माझ्याकडं उत्तर असतं. मी सांगू शकले असते की आपल्या धम्मात मागणं नाही, कोणी देणारा नाही, आपलं आपण उभं राहायचं असतं. मला ते सगळं पटलेलं आहे, आजही पटतं. पण टोपल्यात ते लेकरू, बाजेवर ही सुजलेली पोर… उत्तर सुमीनंच दिलं. म्हणाली, "नाई माय, याच्यात मांगायचं नसते. तू लेकराच्या बाटल्या पाय, थंड झाल्या असतीन." आणि माय पाणी तापवायला गेली.

त्यानंतर दोनच दिवस. सकाळी मी निघाले तेव्हा दूध काढत होती. मला म्हणाली, आज जास्त आलं वं. दुपारी डोकं धरलं, डोळे फिरले, झटका आला. श्रावणभाऊ टांगा घेऊन येईपर्यंत दुसरा आला, आणि टांगा दारातच राहिला. मी पोचले तेव्हा बायका जमल्या होत्या. नामदेवरावांना तार गेली होती. सुमीचं तोंड झाकलेलं नव्हतं अजून. आणि टोपल्यात लेकरू रडत होतं, त्याच्या वेळेला, भूक लागली म्हणून. मायच्या हातात ती वाटी होती, वर बशी झाकलेली. सकाळचं दूध.

बायका म्हणत होत्या, नको वं बाई, मेलेल्या बाईचं दूध लेकराले पाजू नाई. कोणी म्हणे फेकून द्या, कोणी म्हणे तुळशीत ओता. मायनं माझ्याकडं पाहिलं. दवाखाना, डॉक्टर, औषध सगळं मला विचारूनच केलं होतं तिनं, तसंच आताही पाहिलं. मी सुमीकडं पाहिलं. मग माय त्या बायकांना म्हणाली, "काढलं तवा जित्ती होती ना माही पोरगी." एवढंच. चुलीवरच्या गरम पाण्यात वाटी धरून कोमट केली, सुमीच्या शेजारी टोपलं ओढून घेतलं आणि वात बुडवली. रोज अर्धं सांडणाऱ्या लेकरानं त्या दिवशी घुटका घुटका करत सगळं घेतलं. सुमीला कोणी सांगणार नव्हतं, म्हणून मीच तिच्या कानाशी जाऊन सांगितलं, गेलं वं पोटात, सगळं गेलं.

लेकरू आहे अजून, कापसातच आहे. श्रावणभाऊंच्या सुनेचं दूध पितं, वातीनंच, पण दुसऱ्या वाटीतून. डॉक्टरबाई म्हणतात, थंडी निघाली तर पाहू. नामदेवराव रविवारी येतात, टोपल्याशी बसतात, जातात. ती कल्हईची वाटी माय कशालाही वापरत नाही, पण रोज घासते. परवा मी चिडून म्हटलं, "रिकामी वाटी काहून घासतं वं रोज?" माय म्हणाली, "रिकामी म्हनूनच ना," आणि धुऊन, पुसून पालथी घातली.