सुतकातला दिवा

आजऱ्याकडं भावकीतला कुणी एक म्हातारा गेला आणि शाहूपुरीतल्या माझ्या माहेरचा देव्हारा बंद झाला. सुतक! आमचे वडील वारले तेव्हा ज्यानं तोंडसुद्धा दाखवलं नव्हतं, त्याच्यासाठी देव दहा दिवस फडक्याखाली.

आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी हात टेकले होते, म्हणून मी सासरहून येऊन राहिले होते. तिला पोथी वाचता येत नव्हती, उपासतापास तिनं कधीच सोडून दिलेले. पण तिन्हीसांजेला दिवा लावून अंबाबाईशी बोलायची, शेजारणीशी बोलावं तशी. कधी कधी भांडायचीसुद्धा. त्या संध्याकाळी तिनं विचारलं, "दिवा लावला न्हाईस व्हय गं?"

"सुतक हाय वहिनी," खुर्चीतून चुलते म्हणाले.

"काका, मी लग्न होऊन गेलेली. मला तुमचं सुतक लागत नाही. मी लावते."

"हात तुझा असंल, देव भावकीचं हायत."

आईला दम लागला होता, तरी उठून बसायला बघत होती. "मला न्यायला भावकी येणार हाय काय? तीच येणार हाय की! लाव गं तू."

मी फडकं काढून दिवा लावला. भाऊ दारात उभा राहून बघत होता. आई दिव्याकडं बघत काहीबाही पुटपुटली, हसली आणि कित्येक दिवसांनी शांत झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

चुलत्यांना तेवढंच पाहिजे होतं. रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर सगळ्यांना ऐकवलं, "सुतकात दिवा लावला, देवीनं लगेच दाखवलं." अहो, डॉक्टरांनी कधीच आशा सोडलेली बाई ती! पण झाडून सगळ्या माना हलल्या.

तेराव्यानंतर त्यांनी दोष जावा म्हणून घरात शांत करायला लावली. भावाला देव्हाऱ्यापुढं बसवलं. "आईच्या वतीनं माफी माग. म्हण, तिचं चुकलं."

"देवीचं नाव घेत गेली ती! काय चुकलं रे तिचं?" मी ओरडले. भावानं वर बघितलं नाही. "लेकराबाळांचं घर हाय, अक्का," एवढं म्हणाला आणि "आईचं चुकलं" म्हणत कपाळ टेकवलं.

मी चप्पल घालून निघाले. माहेरी अजून जाते, चहा पिते, पण त्या देव्हाऱ्यापुढं हात जोडत नाही. देवीवर माझा राग नाही. तिथं तिच्यासमोर उभं राहायचं तर आधी आईला गुन्हेगार म्हणावं लागतं, आणि ते माझ्याच्यानं व्हायचं नाही.