गोळी कुणी बंद केली?

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेणला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या धूत होतो. "बरं," एवढंच म्हणालो आणि उरलेल्या पट्ट्याही धुऊन पुसून ठेवल्या. असं का वागलो, पाच आठवडे झाले तरी उमगलेलं नाही...

दिगंबर माझा शाळासोबती. मी जीवशास्त्राचा मास्तर झालो, तो धाटावच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी त्याला रोजची गोळी सुरू झाली, तेव्हा त्याने मला रोह्याला बोलावून घेतलं. "डॉक्टर बोलतो ता डोक्यावरून जाते. तू सांग, ही गोळी करते काय?" मास्तरला एवढं निमित्त पुरतं. मी कागद ओढला. पेशीला बाहेरून निरोप येतो: 'जग, वाढ.' निरोगी पेशीत तो वेळेवर थांबतो. बिघडलेल्या पेशीत थांबतच नाही, म्हणून ती मरायच्या वेळी मरत नाही, वर जागा सोडून हिंडायला लागते. गोळी तो निरोप अडवते. इथेच थांबायला हवं होतं मी. पण नको ते शहाणपण सुचलं. पुढेमागे पेशी दुसऱ्या वाटेने निरोप पोचवते, असं सांगून मी बाजूने एक वळसा काढला.

दिगू खुलला. "म्हंजे बायपास लाइन! मग सरळ सांग ना, येड्या." किती हसलो आम्ही त्या दुपारी!

वर्षभर गोळी लागू पडली. मग कंबर दुखायला लागली, आजार हाडात उतरला होता. नवी तपासणी होईपर्यंत गोळी सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दिगूने ती सोडली, घरात कुणाला न सांगता. दम लागून दवाखान्यात गेला तेव्हा उघड झालं. "गोळीनं मेन लाइन बंद म्हनून तर प्रेशर बायपासला जाते," खाटेवरून तो मलाच समजावत होता. "मेन उघडली का बायपास थंड." शरीर म्हणजे प्लँट नव्हे, हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, गोळी चालू असती तरी किती दिवस मिळाले असते, सांगता येत नाही. ह्या वाक्याचं काय करायचं, मला कळत नाही.

परवा रोह्याला गेलो. त्याच्या बायकोने, सुमनवहिनींनी, एक वही पुढे केली. कंपनीत शिफ्ट संपताना सगळं लिहून पुढच्या पाळीवाल्याची सही घेतात, मगच जागा सोडतात, तशीच त्याने औषधांची वही ठेवली होती. शेवटच्या पानावर होतं: 'गोळी सोळा दिवस बंद. निर्णय स्वतःचा. कोणाचा सल्ला नाही.' खाली सहीची जागा कोरी.

मला रडू आवरेना. "वहिनी, हे खरंच असेल ना?"

"काय म्हाईत, भावोजी. कंपनीत पन ते हाताखालच्या पोरांच्या चुका सोताच्याच नावावर लिवायचे." त्यांनी पेन पुढे केलं. "करा सही. सही झाल्याबिगर ते जागा सोडायचे नाय."

मी सही केली. वर लिहिलेलं मला मान्य आहे की नाही, ते ठाऊक नाही.