एक बदल, एक शेंग

नांदुऱ्याहून निघालेल्या बसमध्ये शेजारी बसलेल्या त्या मुलीचे नाव विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

निवृत्तीनंतर कोडिंग शिकून मी वाचनालयासाठी पुस्तके शोधणारे वेबपान केले होते. सायंकाळी ते सभासदांना दाखवायचे होते. पण काहीही शोधले तरी लोणच्यांचेच पुस्तक येई. घाबरून मी लॅपटॉपवर एकदम अनेक ओळी बदलत होतो.

"काका, काऊन घाई करून राह्यले? एकच ओळ बदला, चालवून पाहा, मंग शेंग खा," असे म्हणून तिने भाजलेल्या शेंगांची पुडी मध्ये ठेवली. मी चालवून न पाहताच हात पुढे केला, की ती पुडी मिटून घेई.

बस मोताळ्याला पोहोचेपर्यंत कविता शोधल्यावर कविताच येऊ लागल्या. "आता पुडी तुमची," म्हणत ती उतरली.

सायंकाळी कौतुकाला उत्तर द्यायला मी उभा राहिलो, तो खिशातील टरफले मुठीत धरूनच.