मुलाखत सोयाबीन काढायच्या दिवशी होती

मी विज्ञानाचा शिक्षक झालो तो माझ्या मामीमुळे. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं लिहिताना माझा धीर कुठे सुटेल याचा भरवसा नाही, आणि तिचं सांगायचं राहून गेलं असं व्हायला नको. मामी दुसरीपर्यंत शिकली होती. सही करताना एकेक अक्षर थांबून आठवायची. प्रयोगशाळा म्हणजे काय ते तिने बघितलेलं नव्हतं. आज मी घाटाखाली, समुद्राजवळच्या एका तालुक्यात शाळाशाळांतून प्रयोग दाखवत फिरतो. गावाकडे जायचं तर दीड दिवस मोडतो. इथली पोरं मला सर म्हणतात तेव्हा अजूनही मला वाटतं, कोणीतरी येईल आणि म्हणेल, चल, ऊठ, तुझं इथं काय काम.

आमच्याकडे मारायला राग यावाच लागायचा असं नाही. बैलाला मारायचं, बायकोला मारायचं, पोराला मारायचं. ज्याच्याकडून काम करून घ्यायचं त्याला मारायचं, एवढा साधा हिशोब. आमच्या गावी, हट्ट्याला, नववीत असताना माझ्या हातून परीक्षानळी फुटली. मीच फोडली, खोटं कशाला बोलू. तिच्यात पाणी उकळताना बुडबुडे कुठून निघतात ते मला जवळून बघायचं होतं. विज्ञानाच्या गुरुजींनी मोडक्या बाकाचा पाय उचलला आणि मला डावा हात टेबलावर ठेवायला लावला. सहा का सात वेळा मारलं. तेव्हापासून मधलं बोट पुरतं वळत नाही. घरी आल्यावर बापाने विचारलं, "काय फोडलं?" मी सांगितलं. त्याने मला गोठ्यातल्या खुंट्याला बांधलं आणि कासऱ्याने फोडून काढलं. दुसऱ्या दिवशी स्वतः शाळेत जाऊन गुरुजींना सांगून आला, "चांगलं ठोकत जा, गुरजी. घरून कोन्ही जाब इचारायला येणार न्हाई."

त्याच आठवड्यात मी शाळा सोडली आणि डोंगरकड्याला, मामाच्या गावी पळून आलो.

मामाचं घर गावाबाहेर माळाला लागून होतं. साठ-सत्तर मेंढरं, काही बकऱ्या, दोन एकर कोरडवाहू. त्याने मला ठेवून घेतलं, पाच वर्षं खाऊ घातलं, बापाच्या ताब्यात परत दिलं नाही. हे मी विसरत नाही. विसरता येत नाही म्हणूनच पुढचं सगळं अवघड झालं. मेंढरांमागे फिरत मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली. एकदा नापास झालो, दुसऱ्यांदा पास झालो.

मग एका संस्थेची बातमी कळली. त्यांना खेड्यातली दहावी झालेली पोरं-पोरी हवी होती. सहा महिने प्रशिक्षण द्यायचे, आणि नंतर सामानाची पेटी घेऊन गावोगावच्या शाळांत विज्ञान शिकवायला धाडायचे. मुलाखत हिंगोलीला, बुधवारी. पत्रात लिहिलं होतं: दहा मिनिटांचा एक पाठ घ्यावा लागेल, नंतर प्रश्न. मी ते पत्र इतक्यांदा वाचलं की घड्यांवर फाटलं.

मी उष्णतेचा पाठ निवडला. लोखंडी उलथन्यावर मेणाने हरभऱ्याचे दाणे ओळीने चिकटवायचे, एक टोक चुलीत धरायचं. लोखंड तापत जातं तसा एकेक दाणा गळून पडतो, विस्तवाजवळचा आधी. सरावाला विद्यार्थी पाहिजे म्हणून मामाच्या पोरीला समोर बसवलं. नऊ वर्षांची, चौथीत. आणि जवळ एक तुराटी ठेवली. तुराटी का, हे माझ्या मनातही आलं नाही. खडू लागतो तशी काठी लागते. मुलाखतीत काय सांगायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं: माझ्या वर्गात पोरगं हूं की चूं करणार नाही.

"आधी कोणता दाणा पडेल?" मी विचारलं.

"मोठा हाये तो," ती म्हणाली.

"चूक. नीट सांग."

"मोठाच पडंल ना दादा. जड हाये."

तुराटी कधी उचलली ते मला कळलं नाही. पहिला फटका बोटांवर बसला. ती पुन्हा म्हणाली, "मोठा." दुसरा तोंडावर बसला. ओठ फुटून रक्त फ्रॉकवर पडलं. ती रडली नाही. आमच्याकडची लेकरं लगेच रडत नसतात, आणखी बसेल म्हणून.

मामी दारात होती. हातात बकरीच्या दुधाचा गंज. तिने तो खाली ठेवला, पोरीला उठवून बाजूला केलं आणि तिच्या जागी मांडी घालून बसली.

"इचार मला."

"काय?"

"तेच. कोणता दाना पडंल."

मी विचारलं. मान खाली घालून.

"मला न्हाई ठावं," मामी म्हणाली. "आता मार."

"मामी..."

"मार ना. मला बी येत न्हाई. काठी हाये ना तुझ्या हातात? का मोठ्या मान्साला बघून हात लुळा पडला?"

मी तुराटी चुलीत घातली. मामीचा आवाज चढला नव्हता. म्हणाली, "ती मोठा म्हनली. काहून चूक हाये ते तू सांगितलं का तिला? नुसतं चूक चूक करून राहिला."

खरंच, सांगितलं नव्हतं. मलाही कोणी कधी सांगितलं नव्हतं. मी उलथनं पुसून पुन्हा मेण लावलं. विस्तवाकडे बारीक दाणे, आणि पार लांबच्या टोकाला भुईमुगाची अख्खी शेंग. पोरगी फुटलेला ओठ जिभेने चाटत जवळ सरकली. बारीक दाणा पडला, मग दुसरा, तिसरा. शेंग जागची हलली नाही.

"अगं माय," पोरगी म्हणाली, "जड असून बी बसलीच की!"

पुढचे पंधरा दिवस दोघी माझ्यासमोर बसत. मामी भाकरी थापता थापता ऐकायची आणि समजलं नाही तर तोंडावर सांगायची, "न्हाई कळलं. दुसऱ्या परीनं सांग." मग मी दुसऱ्या परीने सांगायचो. ती उलटे प्रश्न विचारायची. दुधावर साय काहून धरते? अंधारात बॅटरी मारली की बकरीचे डोळे काहून चमकतात? डोळ्यांचं मला माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणताना माझे खांदे आपोआप आखडले, फटका येणार असल्यासारखे. मामी म्हणाली, "मग लिहून ठेव. त्या लोकायला इचारून ये."

हे असं चाललं होतं, आणि मुलाखतीच्या चार दिवस आधी मेंढरं शेजारच्या वावरात शिरली. सोयाबीन काढणीला आलेली. त्या घरचे चौघे भाऊ. त्यांनी मामाला बांधावर पाडून काठ्यांनी मारलं आणि एका गाभण मेंढीला कुऱ्हाड घातली. मी धावत पोचलो तेव्हा मेंढी पाय झाडत होती. पोट उघडं पडलेलं, आतली दोन पिल्लं मातीत. मामाच्या कानामागून रक्त वाहत होतं आणि तो तिच्या तोंडात पाणी घालत होता. एक भाऊ बांधावरून ओरडला, "आता मोज पिल्लं, आमच्या सोयाबीनचं बी असंच झालं!"

मामा पोलिसांत गेला नाही. घरी येऊन त्याने काठ्यांना तेल लावलं. बुधवारी ते चौघे सोयाबीन काढायला वावरात येणार, हे त्याला कळलं होतं.

"बुधवारी सगळे जाऊ," तो म्हणाला. त्याचे दोन पुतणे आणि मी.

"मामा, बुधवारी माझी मुलाखत हाये."

मामा हसला. "मास्तर व्हायचंय व्हय? आधी काठी धर, मंग खडू धर. पाच वर्षं ज्या मेंढरायवर जगला, त्यायचं रक्त कोन फेडंल? तुझा बाप?"

मी हो म्हणालो. खरं सांगतो, मला तेव्हा जावंसंही वाटत होतं. ती दोन पिल्लं डोळ्यांसमोरून जात नव्हती. त्या चौघांपैकी एकाचं तरी डोकं फोडावं असं हाताला वाटत होतं, आणि मुलाखतीची भीतीही होतीच. मारामारीत निदान काय करायचं ते मला येत होतं.

बुधवारी दिवस उगवायच्या आत मामीने हलवून उठवलं. "बकऱ्या नाल्यावर ने," ती मामाला ऐकू जाईल अशी म्हणाली. भाकरीचं गाठोडं हातात दिलं तेव्हा ते मऊ लागलं. आत माझा धुतलेला सदरा, दहावीचं प्रमाणपत्र, मेणबत्ती आणि हरभऱ्याची पुडी होती. उलथनं तिने मला पाठीमागे खोचायला लावलं. पोरगी आधीच नाल्यावर उभी होती.

"बकऱ्या ती वळवंल. तू साडेसहाची गाडी धर."

"मामी, मामा तुला सोडायचा न्हाई."

"ते माझं मी बघंल. तू जा. आन् मागं वळून बघू नको, पाय अडकत्यात."

मी वळून बघितलं नाही. कळमनुरीपर्यंत मी गाडीत पाठ मनात घोकत राहिलो. निवड झाली नाही तर त्या घरात परत जायला तोंड नव्हतं, हट्ट्याला तर नव्हतंच. मारामारी सोडून पळालेल्याला आमच्याकडे कोणी पाणी विचारत नाही.

मुलाखतीला दोन सर आणि एक बाई होत्या. उष्णतेचा पाठ मी त्यांच्यावरच घेतला. आधी विचारलं, कोणता पडेल? एक सर म्हणाले, "तुम्हीच सांगा." मी म्हणालो, "न्हाई सर, तुमी अंदाज करा, चुकला तरी चालतो." बाई हसल्या. दाणे बरोबर पडले.

मग दुसऱ्या सरांनी विचारलं, "मुलगा ऐकत नसेल, उत्तर देत नसेल, तर काय कराल?"

पाठ केलेलं उत्तर तोंडात होतं. ते निघालं नाही. "मी मारलं होतं, सर," मी म्हणालो. "नऊ वर्षांच्या पोरीला. ओठ फुटला तिचा."

सरांनी पेन खाली ठेवलं. "हे मुलाखतीत सांगतात होय?"

"सांगू द्या त्यांना," बाई म्हणाल्या.

मी मामीचं सांगितलं. कशी बसली, काय म्हणाली, शेंगेचं कसं सुचलं. बाईंनी विचारलं, "आता नाही मारणार?"

"हात उठतो, बाई. अजून उठतो. खाली आणावा लागतो."

शेवटी त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, तुम्हाला काही विचारायचं आहे का. मी चिठ्ठी काढून बकरीच्या डोळ्यांचं विचारलं. तिघंही आधी एकमेकांकडे बघायला लागले, मग बाईंनी नीट समजावून सांगितलं. दुपारी व्हरांड्यात नावं वाचली. माझं होतं. सोमवारी हजर व्हायचं.

संध्याकाळी घरी आलो तर अंगणात चूल पेटलेली नव्हती. मामी भिंतीला टेकून बसली होती. डाव्या हाताला बांबूच्या कांब्या, लुगड्याच्या चिंध्यांनी बांधलेल्या. एक डोळा बंद झालेला. पोरगी माझ्या अंगावर आली. "तू कुठंय म्हनून बाबानं इचारलं. आई म्हनली, मीच धाडलं. मंग बाबानं त्याच तेलाच्या काठीनं..."

"गप," मामी म्हणाली. "आधी त्याला सांगू दे. काय झालं?"

"निवड झाली."

"दाने पडले?"

"पडले."

"आन् डोळ्याचं काय म्हनले?"

मी तिच्यापुढे मातीत बसलो आणि सांगितलं. बकरीच्या डोळ्यामागे आरशासारखा एक पडदा असतो, आत गेलेला उजेड तो परत फेकतो. ती दुसराही डोळा मिटून ऐकत होती. कळलं की नाही ते बोलली नाही. पोरीला म्हणाली, "ऐकलं का? ध्यानात ठेव."

वावरात मारामारी झालीच होती. दोन्हीकडची डोकी फुटली, आणि मामाला चौकीत बसवून ठेवलं होतं. शुक्रवारी तो घरी आला, डोक्याला पट्टी. मी दावणीला उभा होतो. तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, आता. पण तो एवढंच म्हणाला, "जेवला का मास्तर?"

"व्हय, मामा," मी म्हणालो.

बस. मामीच्या हाताबद्दल मी एक शब्द बोललो नाही. मला सोमवारी निघायचं होतं, पाय धड ठेवून निघायचं होतं. आणि त्याची भाकर माझ्या पोटात होती. दोन्ही कारणं खरी आहेत. त्यातलं मोठं कोणतं, हे मी अजून स्वतःला नीट विचारलेलं नाही.

मामीचा तो हात वाकडाच जुळला. आता ती एका हातानेच धार काढते. पोरीचं लग्न होऊन ती जवळा बाजार गावात नांदते. तिचा फोन येतो तेव्हा मी मामीचं विचारतो. ती म्हणते, बरी हाये. आणि मग म्हणते, बाबा तसाच हाये.

मी इथे दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. एक रिकामीच असते. मी मामीला हे अजून सांगितलेलं नाही, कारण सांगितलं की मला तिकडे जावं लागेल. पण मी एक दिवस डोंगरकड्याला जाणार आहे. मामासमोर उभा राहणार आहे, मान वर ठेवून, आणि म्हणणार आहे, मामा, मामीला न्यायला आलोय. तो काठी घेईल तर घेऊ दे. ती येईल की नाही ते तिचं तिने ठरवावं. पण तिला न्यायला कोणीच आलं नाही, असं मी राहू देणार नाही. हे मी तिला लिहून देतो. तिला वाचता येणार नाही, म्हणून मीच जाऊन वाचून दाखवीन.