एक जूनचे गायकवाड

"एक तारखेपासून गेटवरच अडवणार म्हणे, ज्यांची..."

एवढं कानावर आलं आणि गिरणीवाल्याने पट्टा चढवला. घरघर सुरू! बोलत होत्या मागच्या बिल्डिंगमधल्या लतावहिनी. त्यांचा नवरा आणि आमचे हे, दोघंही अंबरनाथला एकाच कारखान्यात. मी ओरडले, "ज्यांची काय? अहो, ज्यांची काय?" वहिनींनी पिठाचा हात हवेत हलवला आणि डबा उचलून चालत्या झाल्या.

मी दळण घेऊन तडक घर गाठलं. कारण त्या कारखान्याची सगळी माणसं तेव्हा आमच्याच खाली, तळमजल्यावर, कॉम्प्युटरमध्ये घालणं चाललं होतं!

कात्रपला आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या शेंड्यांच्या उज्ज्वलाने पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचं जॉबवर्क काढलं होतं. जोडीला कविता, उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पहून यायची. त्या खोलीत किस्से इस्त्रीच्या कपड्यांसारखे साठायचे. मी वाटीभर काहीतरी घेऊन उतरायचा अवकाश! काम काय, तर लोक फ्लॉपीत भरून शीट आणायचे. शीट म्हणजे नुसती चौकटींची चादर, कोणी काहीही लिहावं. ते झटकून, निवडून डेटाबेसात घालायचं. डेटाबेस म्हणजे कप्प्यांची कपाटं, आणि एका कपाटातल्या नंबरावर दुसरं कपाट उघडतं. मी सातवी पास, मला एवढंच कळलं.

त्या दिवशी मी पीठ तसंच ठेवून खाली गेले. "उज्ज्वला, ह्यांचं नाव आहे ना गं आत?"

"जयभीम काकू. कंपनीची माहिती आहे, दाखवता येत नाही."

झालं! मग मी रोज जाऊ लागले.

* * *

एकदा तीन नंबरचे जीन्सवाले शेठ बसले होते. त्यांच्या शीटमध्ये गिऱ्हाइकांचे पत्ते. एका पत्त्यात लिहिलेलं, 'मंदिराच्या मागे, निळा दरवाजा, कुत्रा चावतो.'

कविता म्हणाली, "अंकल, पत्त्यात फक्त पत्ता राहील. कुत्रा काढते."

शेठ खुर्चीतून उठले. "बेटी, मेरे आदमी को दो बार काटा है! चौदा इंजेक्शन! कुत्ते का कॉलम अलग बनाओ!"

बनवला. प्रत्येक गिऱ्हाइकापुढे कुत्रा आहे की नाही! मी मनात म्हटलं, कुत्र्यांना जागा मिळाली, आता आमच्या माणसाला मिळू दे.

* * *

लाइट जाण्याची भीती तर कायमची. कविताने मॉनिटरवर लिंबू-मिरची बांधली. उज्ज्वलाने ती तोडून कचऱ्यात टाकली. "मशीन लिंबावर चालत नाही, विजेवर चालतं."

तेवढ्यात वीजच गेली! सकाळपासूनचं काम गेलं. खोलीत काळोख. कविताने फक्त उज्ज्वलाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरशेजारी बशीत एक लिंबू होतं. कविता शपथेवर म्हणाली, मी नाही आणलं.

"सरबताला आणलंय," उज्ज्वला म्हणाली. ते लिंबू तिथेच वाळून खडा झालं, सरबत काही कोणी केलं नाही.

* * *

मग शेवंतामावशींचं झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या. त्यांचे मालक त्याच कारखान्यात होते, वारून दोन पावसाळे झालेले. एका दुपारी मावशी खाली आल्या, हातात कारखान्याचं पाकीट. 'आरोग्य तपासणीसाठी समक्ष हजर राहावे.' मालकांच्या नावाने!

उज्ज्वलाने लगेच फ्लॉपी घालून बघितली. कारखान्याच्या क्लार्कने शीटमध्ये वारलेल्यांच्या ओळी लाल रंगवल्या होत्या. डेटाबेसात अक्षरं गेली, रंग काही गेला नाही. सगळे मेलेले जिवंत झाले!

"मावशी, चूक झाली हो," ती रडायला आली.

मावशी पाकिटाकडे बघत म्हणाल्या, "आजारी होते तेव्हा बोलावलं असतं, तर गेले असते गं."

त्या दिवशी मी नावाचं विचारलंच नाही. मेलेले आत जातात, तर जिवंत बाहेर का राहणार नाहीत?

* * *

महिना संपत आला तशी उज्ज्वला एकदा हसून म्हणाली, "काकू, सुटलो! आज डबल माणसं साफ केली. नाव तेच, जन्मतारीख तीच, म्हणजे एकच माणूस दोनदा टाइप झालेला. एक ठेवला, एक उडवला."

"उडवला म्हणजे कुठे गेला?"

"कुठे नाही. होताच कुठे तो?"

मी वाटी तिथेच विसरून आले.

* * *

एक तारीख उजाडली. हे डबा घेऊन गेले आणि मी खिडकीतच उभी. लतावहिनींचं अर्धं वाक्य तिकडे गेटवर पूर्ण झालं: ज्यांची नवी कॉम्प्युटर कार्डं घ्यायची राहिलीत, त्यांना अडवणार. अडवलं, कार्ड हातात दिलं, आत सोडलं. कामावरून कोणालाच काढलं नाही!

फक्त अशोक गायकवाड नावाचं कार्ड एकच निघालं. आणि गायकवाड उभे होते दोन. एक आमचे हे, बॉयलरवरचे. दुसरे पॅकिंगचे, उल्हासनगरहून येणारे. दोघांच्या गावच्या गुरुजींनी, तेव्हाचे सगळेच गुरुजी करायचे तसं, शाळेत घालताना जन्मतारीख ठोकलेली एक जून. सालही तेच!

वॉचमन म्हणाला, "कार्ड एक, तर माणूस एक."

हे दुपारी मला सांगत होते. मी म्हटलं, "अहो, जाऊन सांगा ना साहेबांना, आम्ही दोघं आहोत!"

"आणि साहेब म्हणाले, एकच पुरे आहे, तर?"

खाली उज्ज्वलाला एक हाक मारायचा अवकाश होता. पण तिने कंपनीला कळवलं आणि कंपनीने मोजायला घेतलं, तर? माझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात. तो आठवडा मी जिना उतरले नाही. "काकू, येत नाही?" उज्ज्वलाने विचारलं, तर म्हटलं, गुडघा धरलाय.

दोघांनी आपसात ठरवलं. पहिल्या पाळीला हे, दुसरीला ते. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर कार्ड या हातातून त्या हातात. फोरमनला सगळं माहीत. पण तोही चूप, कारण त्याचीही जन्मतारीख एक जून!

हजेरी मात्र सगळी त्या एकाच नंबरात जमत होती. नवे साहेब, चेहरे ओळखत नाहीत, कॉम्प्युटरवर बघतात. एक दिवस पाळी सुटता सुटता भोंग्यावर पुकारा झाला, "अशोक गायकवाड, ताबडतोब केबिनमध्ये!"

टपरीवर दोघांचे चहा हातातच राहिले. ह्यांनी कार्ड त्यांच्यापुढे धरलं, त्यांनी ह्यांच्याकडे सरकवलं. शेवटी पॅकिंगचे गायकवाड म्हणाले, "चल भावा. जायचं तर दोघांनी."

केबिनचं दार उघडलं. साहेब हार घेऊन उभे, नजर कॉम्प्युटरवर. "या गायकवाड! रोज दोन पाळ्या, एक रजा नाही! असा माणूस मी आजवर पाहिला नाही!"

आणि त्यांनी हात पुढे केला.

समोरून दोन उजवे हात आले.