ओट्याचं माप

गवंड्याच्या हातची भिंत ओळंब्याला कधी चुकली नाही. चुकलं ते एकच माप, आणि तेही सख्ख्या भावाचं.

भाऊ सहा फुटांच्या वर. कामावर सगळे त्याला खांब म्हणत. ‘नीट सांभाळीन’ असा आईला शब्द देऊन गवंड्याने त्याला मिसरूड फुटत होतं तेव्हाच परमुलखात कामाला आणलं. तेव्हापासून अठरा वर्षं दोघं पत्र्याच्या एकाच खोलीत, चौदा जणांत. एकाने कूस बदलली की रांगेने सगळ्यांनी बदलायची.

मग बाहेरून आलेल्या मजुरांसाठी नव्या खोल्या बांधायचं ठरलं. नकाशा काढणारी बाई भली. म्हणाली, राहणाऱ्यांनीच माप द्यावं. तिने एकेकाला फरशीवर निजवलं आणि भोवती खडूने रेघ ओढली. खांबाची रेघ जेमतेम साडेचार फूट भरली. बाईला शंका आली, तिने दोनदा विचारलं. गवंडी छाती काढून म्हणाला, “पाच फूट धरा, पुष्कळ झालं. आम्ही काय आज निजतोय?”

निजायचे ओटे विटांचे होते. पहिली खोली उरकून गवंडी थापी धुवायला उठला, तर ओट्यापलीकडे खांब उभा. त्याने ओट्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. ओटा भावाहून फूटभर आखूड. त्या दिवशी फरशीवर सगळे निजले होते ते गुडघे पोटाशी घेऊन. माणूस निजतो तो असाच, हे कुणी मनात तपासलंही नव्हतं.

बाईने कपाळाला हात लावला, पण नकाशा बदलला. ओटे साडेसहा फुटांचे, चारऐवजी तीन. चूक आपली म्हणून गवंड्याने सुट्टीचे चार दिवस घातले. एकेक वीट सोडवली, खरवडली, पुन्हा रचली. मदतीला आलेल्यांना परत पाठवलं. मुकादम म्हणाला, विटांना अंघोळ घालतोस की काय. तो हसला नाही.

खोली झाली. दारासमोर खिडकी, वारा आरपार. जेवणाच्या सुट्टीत त्याने खांबाला ओट्यावर निजायला सांगितलं. खांब कुशीवर वळला, डोळे मिटले.

“पाय सोड,” गवंडी म्हणाला.

“सोडलेत की, दादा.”

गुडघे पोटाशीच होते. गवंड्याने टेप काढून टाचेपासून ओट्याच्या टोकापर्यंत धरली. दोन फूट. टेप खिशात घातली आणि सुट्टी संपेपर्यंत तो त्या दोन फुटांत बसून राहिला.