अकराव्यावरची नंदावहिनी

मी पुण्यात पीएमटीच्या बसवर कंडक्टर होतो. सगळी नोकरी 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणण्यात गेली. त्यामुळे देश पुढे गेला असं पेपरात वाचलं की मी आधी मागच्या दारात कोण लोंबकळतंय ते बघतो. जुनी खोड आहे, जात नाही. आणि हल्ली तिथे मला आमची नंदावहिनीच दिसते.

नंदा ओव्हाळ म्हणजे माझा मित्र दशरथ ओव्हाळ याची बायको. बिबवेवाडीच्या उतारावर आमची वस्ती होती, तेव्हा त्यांचं आणि माझं दार समोरासमोर. मधली बोळ एवढी अरुंद की समोरून कोणी आलं तर एकाने दारात शिरायचं. वहिनीच्या दारापुढे फरशीचा ओटा होता. त्या ओट्यावर बसून ती ज्वारीच्या भाकरी थापायची आणि विकायची. मार्केट यार्डातले हमाल दुपारी थेट तिथे यायचे, भाकरीवर ठेचा घेऊन बोळीतच उकिडवे बसून खायचे. भाकरी थापताना वहिनीची नजर अख्ख्या बोळीवर असायची. कोणाचं पोर शाळेत गेलं नाही, कोणाकडे पाहुणे आले, सगळं तिला आधी कळायचं. "भाऊजी, आज दांडी का?" असं ती परातीतून मान वर न काढता विचारायची, आणि मी काहीतरी थाप मारून मुकाट्याने डेपोची वाट धरायचो.

तिचा जन्म छप्पन सालच्या अखेरचा. आमच्या समाजाने बुद्धधम्म घेतला त्यानंतर थोड्याच दिवसांचा. घरात नव्या धर्मात जन्मलेली ही पहिली, म्हणून बापाला तिचं फार कौतुक. धर्म नवा मिळाला, घर मात्र तेच राहिलं, नदीकाठचं. पानशेतच्या पुरात तेही वाहून गेलं. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये जरा बस्तान बसतंय तोवर साहेब लोक आले आणि इथून रस्ता जाणार आहे म्हणाले. मग दुसरी जागा, तिथूनही उठवणी. तेव्हा कारखाने येत होते, सातारा रस्त्याला भोंगे वाजत होते, माणसं हवीच होती. ती माणसं रात्री कुठे आडवी होणार, एवढंच कोणाच्या योजनेत नव्हतं.

लग्न होऊन ती आमच्या वस्तीत आली तेव्हा सरकारचं धोरण झोपड्या हटवायचं होतं. एकदा तर बुलडोझर बोळीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. मग धोरण बदललं. हटवायचं नाही, सुधारायचं. नळ आले, संडास आले, गळ्याशी नंबराची पाटी धरून आमचे फोटो काढले. पुढे कारखाने एकेक करून बंद पडले, त्यात दशरथचाही गेला आणि तो वॉचमन झाला. तिकडे कारखान्यांच्या जागेवर काचेच्या इमारती उगवल्या, जमिनीला सोन्याचा भाव आला, आणि धोरण पुन्हा बदललं. आता झोपडपट्टी बिल्डरला द्यायची. त्याने आम्हाला एका कोपऱ्यात उभं रचायचं आणि उरलेल्या जागेत स्वतःचा टॉवर बांधून विकायचा. मला राग येतो तो एवढ्याचाच, की दर वेळी धोरण नवं आणि आम्हाला सांगायचे शब्द तेच दोन. खाली करा.

वहिनीने त्या शब्दाचा इतका धसका घेतला होता की घरात तेलाचा डबा खाली झाला असंही कोणाला म्हणू द्यायची नाही. संपलं म्हणा, म्हणायची.

दशरथ वस्तीच्या कमिटीचा अध्यक्ष होता. योजनेला घरोघरच्या सह्या त्यानेच मिळवल्या. शेवटची सही त्याच्याच बायकोची. नव्या घराला ओटा असेल का, एवढंच तिने विचारलं. बाल्कनी असेल, असं त्याने सांगितलं. पुढे प्रत्यक्षात निघाली ती जाळी लावलेली खिडकी, पण त्याला तो बिचारा काय करणार.

काही वर्षं पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्यांत काढल्यावर एकदाची चिठ्ठ्या काढायची वेळ आली. मांडव घातला होता, माइक होता. मला तिसरा मजला लागला. दशरथला दुसरा. आमच्याच बोळीतली गोदाबाई, एकटी विधवा बाई, तिला अकरावा. नंबर ऐकून ती तिथेच मटकन खाली बसली आणि रडायला लागली. उंचावर तिला गरगरायचं. दशरथ उठला, तिच्याकडे गेला, आणि चिठ्ठ्यांची अदलाबदल करून आला. पाच मिनिटांचं काम. माइकवरून त्याचं कौतुक झालं.

गोदाबाईवर उपकार केले असं सगळे म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. पण दशरथ माझ्या शेजारी येऊन बसला तेव्हा त्याचा चेहरा उपकार करून आलेल्या माणसाचा नव्हता. लॉटरी लागलेल्या माणसाचा होता.

"गावात आमची वस्ती खालच्या अंगाला," तो मला म्हणाला. "वरच्या आळीचं सांडपाणी आमच्या दारातून जायचं. इथं आलो तरी नाव तेच, खालची वस्ती. आता बघू की जरा वरून."

वहिनी बाजूलाच होती. ती हसली. मला वाटतं त्या दिवशी तिलाही ते पटलं होतं. आम्हा सगळ्यांनाच पटलं होतं, वर जाणं म्हणजे वर येणं असं आम्ही धरून चाललो होतो. संध्याकाळी तिने सगळ्यांना पेढे वाटले.

सुरुवातीला होतंही छान. पाहुणा आला की दशरथ त्याला पाण्याच्या आधी खिडकीपाशी न्यायचा. ही पर्वती, तो सिंहगड, ते खडकवासल्याकडचे डोंगर. जसं काही सातबारावर त्याचंच नाव. पण बिल्डरचा टॉवर विकून होईपर्यंतच आमची लिफ्ट चालली. मग ती आठवड्यातून दोनदा बंद पडायला लागली, मग महिनोन् महिने. पैसे कोणी भरायचे यावर भांडणं झाली. शेजारच्या टॉवरातली लिफ्ट मजला आला की गोड आवाजात बोलते, असं तिथे धुणीभांडी करणाऱ्या बायका सांगतात. आमची तर मुकीच.

वहिनीचे गुडघे आधीच गेलेले. ती जिना धरून उतरायची, मग बसून बसून उतरायची, आणि एक दिवस उतरायची थांबली. दोनचार हमाल मायेने भाकरीसाठी अकरा मजले चढले, पण रोज कोण चढणार. ओझी उचलणारे झाले तरी त्यांनाही पाय आहेत. परात भिंतीला टेकून राहिली. मी कधीमधी वर जायचो तेव्हा ती बोळीतल्या एकेकाची चौकशी करायची, आणि बोळ नाही हे आठवून मध्येच गप्प व्हायची.

"आपल्यात सरग मानत न्हाईत ना भाऊजी," एकदा म्हणाली. "तरी ह्यांनी मला जितीच वर धाडली."

दशरथ उठून खिडकीपाशी गेला.

मुलगा अनिरुद्ध वाघोलीला असतो, चांगल्या कंपनीत आहे, सूनबाई चैतालीही समजूतदार. ते तिला घेऊन गेले. तिथे चौदावा मजला, पण लिफ्ट चोख. महिन्याभरात ती परत आली. विचारलं तर म्हणाली, तिथं खाली उतरता येतं, पण खाली कोणी नसतं. घर बदलून मिळावं म्हणून मी योजनेच्या ऑफिसात चकरा मारल्या. एकदा ताबा दिला की अमुक इतकी वर्षं बदल नाही, असं उत्तर मिळालं. वर हेही ऐकवलं, की घर बंद ठेवलेलं आढळलं तर काढून घेऊ. गोदाबाई बिचारी आपणहून म्हणत होती, मी डोळे मिटून राहीन वर. दशरथने ऐकलं नाही. दिलेलं परत मागायचं नाही, हा त्याचा हेका.

मग एप्रिलात जयंती आली. पोरांनी ठरवलं की नंदाकाकूला मिरवणूक दाखवायचीच. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, दर मजल्याला खांदेपालट करत, चौघांनी तिला खाली आणलं. पांढरं लुगडं, अंगावर नवी शाल. गेटापाशी तिला बसवलं, आणि गोदाबाईला काय वाटलं कोण जाणे, तिने आपली परात, पीठ आणि शेगडी वहिनीपुढे आणून ठेवली. वहिनीने पाणी मागितलं आणि पीठ मळायला घेतलं. मिरवणूक येऊन गेली, ढोल वाजून गेले, तिचा हात थांबला नाही. जुन्या हमालांतले दोघे आले, फुटपाथवर उकिडवे बसले. मला म्हणाली, "भाऊजी, तब्येत उतरली तुमची." मला बरं वाटलं. फार दिवसांनी कोणी माझ्याकडे नीट बघून बोललं होतं.

दिवे लागल्यावर पोरं खुर्ची घेऊन आली. वहिनीने परात धुऊन उपडी ठेवली आणि म्हणाली:

"मी नाय येत वर. जलमभर खाली करा, खाली करा म्हणले, करत आले. आता खालीच ऱ्हाऊ द्या मला."

आवाज चढवला नाही, की रडली नाही. दशरथ खुर्चीची पाठ धरून उभा होता. शेवटी गोदाबाईने तिचा हात धरला आणि हळूहळू जिना चढवून तिला दुसऱ्या मजल्यावर स्वतःच्या घरात नेलं. चिठ्ठीत आधी हिचंच निघालेलं ते घर. तिथे ती पाहुणी म्हणून राहायला लागली.

आणि दशरथ वर. घर रिकामं दिसता कामा नये म्हणून कोणीतरी तिथे हवंच होतं. रोज दुपारी तो काठी टेकत उतरायचा, तिच्याजवळ बसून जेवायचा आणि घर राखायला पुन्हा चढायचा. पावसाळ्यात त्याच्या छातीत भरायला लागलं. मग तो एक दिवसाआड यायला लागला, उरलेल्या दिवशी डबा मी वर न्यायचो. वहिनी जिन्यावरच्या काठीच्या आवाजाकडे कान लावून बसायची. एकाच इमारतीत राहून नवरा परगावी असल्यासारखं झालंय, म्हणायची. मला तिचं तोंड बघवायचं नाही.

मी डबा घेऊन वर गेलेलो असतानाच तपासणीवाला आला. तरुण पोरगा, हातात टॅब, घामाने थबथबलेला. ज्यांना घर दिलं तेच राहतात का, की भाड्याने दिलंय, की नुसतं अडवून ठेवलंय, हे बघायचं होतं. त्याने आत डोकावून पाहिलं. एक सतरंजी, एक ग्लास, गार पडलेला ओटा. स्वयंपाकाचा ओटा हो, तोच एक या घरात आहे.

"घर खाली आहे का?" त्याने विचारलं.

दशरथ भिंतीला टेकून बसला होता.

"हो," तो म्हणाला. "खाली आहे. दुसऱ्या मजल्यावर."

पोराला वाटलं म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. त्याने वाकून मोठ्याने पुन्हा विचारलं. "काका, घर. घर खाली आहे का, विचारतोय."

"तेच सांगतोय," दशरथ म्हणाला.

मी मध्ये पडलो, हे इथेच राहतात म्हणून सांगितलं. त्याने टॅबवर काहीतरी दाबलं आणि तो गेला. मग दशरथने उठून खिळ्यावरचं कुलूप काढलं, वस्तीतल्या घराचं जुनंच. मी म्हटलं, अरे, कुलूप दिसलं तर घर जाईल. जाऊ दे, म्हणाला. त्याने दार ओढून कुलूप लावलं. दर मजल्याला टेकत आम्ही उतरलो.

दुसऱ्यावर वहिनी दारातच बसली होती. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या किल्लीकडे.

"वर कोण हाय?"

"कोणी नाही."

तिने तोंडाला पदर लावला आणि ती रडली. बुलडोझर आला तेव्हा रडली नव्हती, आज रडली. नवरा आला म्हणून रडली की घर गेलं म्हणून, ते मला विचारू नका. दोन्ही खरं असेल. गोदाबाईने आत जाऊन तिसरं ताट घेतलं.

गेल्या आठवड्यात अकराव्या मजल्यावरच्या दाराला नोटीस चिकटवून गेले, असं वरची पोरं सांगत आली. काय लिहिलंय ते तरी बघून येतो, म्हणून मी चपला घालायला लागलो.

"कशाला चढता भाऊजी," नंदावहिनी म्हणाली. "दोनच शब्द असतील."